पुढच्या सीटचा परवाना

प्रभाकर खानझोडे यांना त्यांच्याच गाडीतून, त्यांच्याच पत्नीने, सांगानेरच्या पुलाखाली उतरवून मागच्या सीटवर बसवले, या घटनेची नोंद जयपूरच्या इतिहासात कुठेही नाही. प्रभाकररावांच्या इतिहासात मात्र तिथूनच नवे युग सुरू होते.

वास्तविक ते वावगे काहीच बोलले नव्हते. गाडीचा वेग दुप्पट झाला की ती थांबायला लागणारे अंतर चौपट होते, एवढेच ते म्हणाले होते. हे विधान जगातल्या कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही सरकारच्या काळात खरे आहे. ते त्या दिवशी सकाळपासून तिसऱ्यांदा केले गेले होते, ही गोष्ट त्याच्या सत्यतेला बाधा आणत नाही. विभाताईंनी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला आणि ती पूर्ण थांबवली.

"उतरा."

"इथे?"

"इथंच. आणि मागं बसा. ज्याच्याजवळ लायसन नाही, त्यानं पुढं बसून तोंड उघडायचं नाही. आजपासून पुढची सीट लायसनवाल्याची."

मागे बसलेली मुलगी मैत्रेयी उतरली आणि पुढे जाऊन बसली. "सॉरी बाबा," ती पट्टा लावत म्हणाली, "मतलब, माझ्याकडे आहे ना."

प्रभाकरराव भूवैज्ञानिक. जयपूरच्याच झालाना भागातल्या एका केंद्रीय कार्यालयातून नुकतेच निवृत्त झालेले. सबंध नोकरी त्यांनी सरकारी जीपच्या पुढच्या डाव्या सीटवर, मांडीवर नकाशा पसरून केली. जीप रामकरण चालवी आणि ती कशी चालवावी हे प्रभाकरराव सांगत. रामकरण प्रत्येक सूचनेला "हां साब" म्हणे आणि पुढे त्याला हवे तेच करी. त्याने इतक्या वर्षांत एकही आक्षेप घेतला नाही, यावरून आपल्या सूचना निर्दोष असल्याचा निष्कर्ष प्रभाकररावांनी काढला होता. नमुना एकाच माणसाचा होता आणि तो माणूस हाताखालचा होता, हे लक्षात यायला निवृत्तीच उजाडावी लागली.

मागच्या सीटवर मेथीच्या पिशवीशेजारी बसून त्यांनी परिस्थितीचे निरीक्षण केले. इथून जग नुसते बाजूने दिसत होते. पुढचे दिसायचे ते पुढच्या सीटांच्या दोन उशांमधल्या फटीतून, आणि त्या फटीत तोंड घातले की विभाताई आरशातून पाहत. हेही एक वेळ सोसले असते. पण त्याच संध्याकाळी नागपूरहून मेहुण्याचा, प्रसन्नचा, फोन आला. संक्रांतीला तो पतंग बघायला जयपूरला येणार होता. प्रसन्नचे टाइल्सचे दुकान होते. लग्नाच्या मांडवापासून तो प्रभाकररावांना 'सायंटिस्ट भाऊजी' म्हणत आला होता, आणि त्यातल्या 'सायंटिस्ट' या शब्दाच्या उच्चारात काहीतरी गडबड आहे, असा प्रभाकररावांचा जुना संशय होता. हा मनुष्य स्टेशनाबाहेर येणार, विभाताई गाडी घेऊन उभ्या असणार, आणि मागच्या काचेतून सायंटिस्ट भाऊजी मेथीच्या पिशवीआडून हात हलवणार. हे चित्र प्रभाकररावांना रात्रभर वेगवेगळ्या कोनांतून दिसले.

सकाळी त्यांनी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर जाहीर केले, "मी वाहन चालवण्याचा परवाना काढतो आहे. संक्रांतीच्या आत."

"काढा," विभाताई म्हणाल्या. "पण माझ्या गाडीला ओरखडा नको."

ते राहत त्या प्रताप नगरात एखादा संकल्प सोडला की तो संध्याकाळपर्यंत सार्वजनिक होतो. वरच्या मजल्यावरचे माथुरजी वीजमंडळातून निवृत्त झालेले. सल्ला देण्यासाठी त्यांना अर्जाची गरज नसे. ते जिन्यातच भेटले.

"अपना एक बंदा है, साब. आपको बस फोटो खिंचवाने जाना पड़ेगा."

"नाही. जे काही व्हायचे ते नियमाने," प्रभाकरराव त्यांना हिंदीतून म्हणाले.

"फिर बुधवार को जाना. पहले मोती डूंगरी, फिर आरटीओ."

जयपुरात मोती डूंगरीच्या गणपतीसमोर उभी राहिल्याशिवाय गाडीला चाके आहेत असे धरत नाहीत. नव्या कोऱ्या मोटारी तिथे बुधवारी हार घालून रांगेत असतात. प्रभाकररावांनी शांतपणे विचारले, की परीक्षेत नापास झालेल्यांपैकी किती जण आधी दर्शन घेऊन गेले होते, याची काही माहिती उपलब्ध आहे काय?

"जो फेल होते हैं, वो बताते थोड़े ही हैं!" माथुरजी म्हणाले.

 माथुरजींच्या तोंडून संख्याशास्त्राच्या दृष्टीने अचूक असे विधान प्रभाकरराव प्रथमच ऐकत होते.

ते मंगळवारी गेले. शिकाऊ परवान्यासाठी पत्त्याचा पुरावा लागे. आधारवर अजून अमरावतीचा पत्ता होता आणि जयपूरच्या घराचे वीजबिल विभाताईंच्या नावाचे होते, कारण घरही त्यांच्याच नावाचे होते. खिडकीतल्या बाईंनी बिल उलटसुलट करून पाहिले.

"ये विभाजी कौन हैं?"

"माझी पत्नी."

"आप इनके पति हैं, इसका कोई प्रूफ?"

प्रभाकरराव विचारात पडले. लग्न अकोल्याला झाले होते आणि त्याची नोंद कुठेच केलेली नव्हती. शेकडो लोक जेवून गेले होते, पण साक्षीदार म्हणून त्यांना जयपूरला आणणे व्यवहार्य नव्हते. बाईंचा प्रश्न तर्काला धरूनच होता. आपण विभाचे पती आहोत हे आपण आजवर पुराव्याशिवायच मानत आलो, ही जाणीव त्यांना त्या रांगेत उभ्याउभ्या झाली. घरी येऊन त्यांनी हे सांगितले तेव्हा विभाताई पोळी लाटता लाटता थांबल्या.

"मला विचारा म्हणावं त्यांना. मी देते लिहून." मग पोळी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या, "विचार करून देते."

शेवटी पेन्शनच्या कागदावरचा पत्ता चालला. पुढची पायरी संगणकावरच्या प्रश्नांची. पहिलाच प्रश्न असा, की पाऊस पडत असताना वाहन कसे चालवाल? पावसाचे प्रमाण दिलेले नव्हते. रस्ता डांबरी की सिमेंटचा, टायर किती झिजलेले, कशाचाच उल्लेख नव्हता. प्रभाकरराव या त्रुटींचा विचार करत असताना कोपऱ्यातले घड्याळ उलटे धावत होते. ते काठावर पास झाले. शेजारचा तरुण एकही प्रश्न पूर्ण न वाचता सगळे बरोबर सोडवून निघून गेला.

गाडी शिकवणाऱ्या भैयांचा अनुभवही असाच. प्रभाकररावांना क्लचच्या आतल्या तबकड्यांचे घर्षण नीट माहीत होते. तबकड्या मात्र त्यांना ओळखत नव्हत्या. गाडी बेडकासारखी उड्या मारत निघे आणि भैया आपल्या बाजूचा ब्रेक दाबून म्हणत, "साब, सोचो मत. छोड़ो. धीरे-धीरे छोड़ो." विचार न करता काही करण्याची प्रभाकररावांची ती पहिली वेळ होती. हळूहळू जमले. विचार कमी झाला तसतशी गाडी सुधारली. या परस्परसंबंधाचा त्यांनी कुठे उच्चार केला नाही.

पक्क्या परवान्याची परीक्षा यंत्रे घेत. मोकळ्या आवारात पांढऱ्या रेघांनी आठाचा भलामोठा आकडा आखलेला, भोवती खांबांवर कॅमेरे. उमेदवाराने त्या आठातून गाडी पुढे न्यायची, मग इंग्रजी एचच्या आकारातून मागे आणायची, आणि रेघेला चाक लागता कामा नये. प्रभाकररावांना हे मनापासून आवडले. परीक्षक माणूस नव्हता. त्याला ओळख, वशिला, दया यांपैकी काहीच नव्हते. सगळ्या परीक्षा अशाच असाव्यात, असे ते रांगेतल्या दोघांना म्हणालेही.

आठाच्या दुसऱ्या वळणावर त्यांचे मागचे डावे चाक रेघेवर गेले. पुढच्या चाकांना त्याचा पत्ताच नव्हता. ध्वनिक्षेपकातून एका अदृश्य बाईने त्यांचे नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट, उच्चारून ते अनुत्तीर्ण झाल्याचे आवाराला कळवले. रांगेतल्या त्या दोघांनी सहानुभूतीने मान हलवली. यंत्राशी वाद घालता येत नाही, हे प्रभाकररावांनी आयुष्यभर इतरांना सुनावले होते.

"काय झालं?" घरी विभाताईंनी विचारले.

"प्रयोग पुन्हा करावा लागेल."

"म्हणजे फेल."

"विज्ञानात फेल असा शब्द नाही. विज्ञानात—"

"म्हणजे फेल," मैत्रेयी म्हणाली. "बाबा, इट्स ओके यार."

त्यांनी दोघींकडून एकच वचन घेतले: कॉलनीत हे कळता कामा नये. माथुरजींना त्यांनी जिन्यात सांगितले की तारीख पुढे गेली. दुसरी तारीख खरोखरच मिळाली होती, त्यामुळे हे विधान खोटे नव्हते. अपूर्ण होते.

आता दोष नेमका सापडला होता: वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या आतून जाते. उपाय सरावाचा. सरावासाठी आठ हवा. इमारतीमागे कडुनिंबाजवळ कॉलनीची मोकळी जागा होती. तिच्या एका कोपऱ्याखेरीज सर्वत्र लोकांच्या गाड्या उभ्या असत. त्या कोपऱ्यात, पहाटेच्या धुक्यात, प्रभाकररावांनी आपली प्रयोगशाळा उभारली.

प्रत्येक वस्तूची निवड त्यांनी पूर्ण विचारान्ती केली होती, हे इथे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. वर्तुळ काढायला केंद्र स्थिर हवे, म्हणून त्यांनी दोन मोठे लोखंडी खिळे जमिनीत ठोकले. दोरी ताणली जाणारी नको. घरातली नायलॉनची दोरी ताणली जाई, पूजेच्या डब्यातला लाल सुती धागा जात नव्हता. म्हणून तो. रेघ आखायला चुना घ्यावा तर टायरला चिकटतो. विभाताईंचा दिवाळीतला रांगोळीचा डबा अर्धा भरलेला होता. थांबण्याच्या जागी लाल रंग असावा, हा तर जागतिक संकेतच आहे. तिथे लाल रांगोळी.

राहिला प्रश्न चाक रेघेला लागल्याचे कळायचे कसे, याचा. प्लास्टिकचे पेले वाऱ्याने उडाले. दगड चाकाखालून सटकून माथुरजींच्या स्कूटरला लागला. आदर्श खूण अशी हवी की जी जागची हलू नये, धुक्यात दिसावी, आणि चाक लागलेच तर कायमचा, न पुसता येणारा पुरावा मागे ठेवावा. प्रभाकररावांना या सर्व अटी पुऱ्या करणारी एकच वस्तू स्वयंपाकघरात सापडली. ते लिंबू होते.

पहिल्या पहाटे त्यांनी रेघेवरची बरीचशी लिंबे चिरडली. उजाडू लागले, दूधवाल्याची मोटारसायकल ऐकू आली, तसे ते गाडी जागेवर लावून वर आले. आठ मात्र त्यांनी तसाच ठेवला. इतक्या मेहनतीने आखलेली आकृती कोण पुसणार? उद्या पुन्हा लागणारच होती.

सकाळी आंघोळीहून येतात तोच खालून तळमजल्यावरच्या पारीक भाभींची किंकाळी ऐकू आली.

ते खाली पोहोचेपर्यंत निम्मी कॉलनी कडुनिंबाखाली जमली होती. सगळे जण आकृतीपासून आदराचे अंतर राखून उभे होते.

"कील गड़ी है! दो-दो!" पारीक भाभी पदर तोंडाला लावून सांगत होत्या. "लाल धागा बँधा है. और ये देखो, लाल-लाल!"

"निंबू कटा नहीं है, कुचला हुआ है," कोणीतरी बारकाई दाखवली.

"मतलब काम हो चुका है," माथुरजी गंभीरपणे म्हणाले. "और आठ. आठ शनि का अंक होता है."

प्रभाकररावांनी आपली कलाकृती प्रथमच दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिली. पहाटेच्या अंधारात कोणीतरी येऊन खिळे, लाल धागा, पांढरी-लाल पूड आणि लिंबे यांनी एक आकृती मांडून गेले आहे. त्यांच्याइतक्या संशयवादी माणसालाही मान्य करावे लागले असते, की उपलब्ध पुराव्यावरून हा टोटकाच, म्हणजे करणीच, ठरतो. ते खुलासा करायला एक पाऊल पुढे झाले. तेवढ्यात माथुरजी वळले.

"खानझोडे साब, आप तो साइंस के आदमी हैं. बताइए, ये किसका काम हो सकता है?"

प्रश्न नेमका होता. नेमके उत्तर दिले तर पुढचा प्रश्न येणार होता, 'आठ काढायची गरज का पडली?', आणि त्याच्या उत्तरात ती ध्वनिक्षेपकावरची बाई होती. प्रभाकररावांनी खाकरून, जेवढे शास्त्रशुद्धपणे सांगता येईल तेवढेच सांगितले.

"किसी पढ़े-लिखे आदमी का काम है. वृत्त बिल्कुल सही बने हैं."

जमावातून एक थरारलेला सुस्कारा उठला. "पढ़ा-लिखा तांत्रिक!" पारीक भाभी म्हणाल्या.

दुपारपर्यंत मैदानातली प्रत्येक गाडी हलवली गेली. इतके दिवस पार्किंगवरून ज्यांची भांडणे मिटत नव्हती, ते लोक एकमेकांना समजूतदारपणे जागा देत गाड्या रस्त्यावर नेऊन लावत होते. संध्याकाळी प्रभाकररावांनी खिडकीतून पाहिले. प्रताप नगरात एरवी कधी मिळणार नाही इतके प्रशस्त, निर्मनुष्य आणि सपाट सरावाचे मैदान त्यांच्यापुढे पसरलेले होते.

ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत कठीण नैतिक कसोटी होती, आणि तिच्यात ते पहिल्याच वळणावर रेघेवर गेले. अंधश्रद्धेविरुद्ध त्यांनी कॉलनीच्या मंडळात भाषण केलेले होते. ग्रहणात सर्वांदेखत उपमा खाल्ला होता. तोच मनुष्य आता रोज पहाटे लोकांच्या भीतीवर गाडी फिरवत होता. खुलासा करायचाच, असे ते रोज ठरवत. परीक्षा झाल्यावर.

कारण सराव अप्रतिम चालला होता. पहाटे त्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले असत. बाहेर बघायची कोणाची छाती नव्हती. आवाज मात्र सर्वांना येई.

"गाड़ी अपने आप घूमती है," पारीक भाभींनी विभाताईंना सांगितले. "गोल-गोल. और उल्टी भी चलती है! इतने आराम से, जैसे कोई चला ही नहीं रहा."

आपली मागे घ्यायची पद्धत इतकी सफाईदार झाली आहे हे त्रयस्थाकडून ऐकून प्रभाकररावांना दिवसभर बरे वाटले.

माथुरजींनी कोपऱ्यावरच्या मंदिराच्या पंडितजींना आणले. ते रोज सकाळी लांबूनच मंत्र म्हणत, पाणी शिंपडत आणि चिरडलेली लिंबे मोजत. लिंबे रोज ताजी असत, ही गोष्ट भयंकर होती. पण चिरडलेल्यांची संख्या दिवसेंदिवस घटत होती. "असर उतर रहा है," पंडितजी समाधानाने म्हणाले. गच्चीवरून प्रभाकरराव तेच आकडे आपल्या मनात मांडत होते आणि त्यांचेही समाधान होत होते. एकाच निरीक्षणमालेवर दोन स्वतंत्र सिद्धान्त उभे होते आणि दोन्ही निरीक्षणांशी तंतोतंत जुळत होते. विज्ञानात अशा वेळी आणखी पुरावा गोळा करतात. प्रभाकररावांनी आणखी लिंबे आणली.

"अहो," एका रात्री जेवताना विभाताई म्हणाल्या, "लोणच्याची लिंबं कुठं गेली?"

प्रभाकरराव वरणात तूप कालवत राहिले.

"रांगोळीचा डबा रिकामा. पूजेतला धागा नाही. आणि रोज पहाटे उठून तुम्ही काय करून राहिले, ते मला समजत नाही का? माझ्या गाडीचा आवाज मी ओळखत नाही?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"मला पार्किंगला जागा भेटून राहिली ना बापा, बरोबर दारासमोर." विभाताईंनी त्यांना भात वाढला. "पण रविवारी माथुरजींनी हवन ठेवलंय. त्याच्या आत सांगून टाका. शोभत नाही तुम्हाला."

'शोभत नाही' हे शब्द भातावर पडले ते तिथेच राहिले. परीक्षा सोमवारी होती.

रविवारी मैदानात चटया पडल्या, समिधा आल्या. पंडितजी म्हणाले, आधी खिळे उपटले पाहिजेत. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. खिळे उपटणाऱ्यावर सगळे उलटते, हे सर्वांना माहीत होते. मग एकाएकी सर्वांच्या नजरा एका दिशेला वळल्या.

"खानझोडे साब, आप निकालिए," माथुरजी हात जोडून म्हणाले. "आप तो मानते ही नहीं. जो मानता नहीं, उसको लगता नहीं."

प्रभाकररावांनी विभाताईंकडे पाहिले. त्या खिळ्यांकडे पाहत होत्या. प्रभाकरराव आठाच्या मध्यभागी गेले, दोन्ही खिळे उपटले, त्यांची माती झटकली आणि सर्वांसमोर, स्वच्छ आवाजात म्हणाले, "ये कीलें मेरी हैं. ये सब मैंने किया है. मैं ड्राइविंग टेस्ट में फेल हुआ था. यहाँ प्रैक्टिस कर रहा था."

 मनावरचे ओझे उतरल्यासारखे त्यांना वाटले. आता जे होईल ते होवो.

माथुरजींचे डोळे भरून आले.

"देखा?" ते जमावाकडे वळून म्हणाले. "सबका संकट अपने ऊपर ले लिया."

"नाही, नाही. अहो, मी खरोखर—"

"कितना बड़ा दिल है! फेल होने तक की बात बना ली बेचारे ने. इतना बड़ा साइंटिस्ट, ड्राइविंग में फेल होगा?"

"सच में इन्हीं का काम है," विभाताई पुढे होऊन म्हणाल्या. "निंबू मेरे अचार के थे."

पारीक भाभींनी विभाताईंना मिठीच मारली. "पति का साथ देना कोई इनसे सीखे."

प्रभाकररावांनी पुराव्यादाखल खिळे पुढे केले, तसे लोक मागे सरले. त्यांनी वर्तुळाची त्रिज्या सांगितली. मागचे चाक आतून का जाते ते सांगायला घेतले. पंडितजींनी तेवढ्यात त्यांचा पुढे आलेला हात धरला, मनगटावर कलावा, म्हणजे मंतरलेला लाल धागा, बांधला आणि गाठ मारली. आयुष्यात प्रथमच त्यांनी पुरावे हाती घेऊन, साक्षीदारासह, संपूर्ण सत्य मांडले होते आणि ते एकमताने फेटाळले गेले होते. त्यांना प्रसादाचा शिरा दुप्पट मिळाला. शिरा उत्तम होता, हे नाकारण्यात अर्थ नव्हता.

सोमवारी ते आठातून गेले. प्रत्येक वळणावर त्यांना रेघेच्या जागी पिवळी लिंबे दिसत होती आणि एकाही लिंबाला त्यांनी धक्का लावला नाही. एचमधूनही ते पारीक भाभींनी वर्णन केल्याप्रमाणे, कोणी चालवतच नसल्यासारखे मागे आले. ध्वनिक्षेपकावरच्या बाईने त्यांचे नाव, वडिलांच्या नावासकट, पुन्हा उच्चारले. या वेळी तिचा आवाज त्यांना बराच सुसंस्कृत वाटला.

परवाना फोनवर आला तेव्हा माथुरजी जिन्यातच होते. त्यांची नजर आधी प्रभाकररावांच्या मनगटावर गेली. कलाव्याची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती आणि कात्री शोधायला सवड झाली नव्हती.

"हो गया ना? हम तो कह ही रहे थे."

"माथुरजी," प्रभाकरराव एकेक शब्द तोलून म्हणाले, "इसका धागे से कोई संबंध नहीं. ये सिर्फ़ निंबू की वजह से हुआ है."

"वही तो!" माथुरजी आनंदाने म्हणाले. "निंबू में बड़ी ताकत होती है."

संक्रांतीच्या सकाळी सगळे जयपूर गच्चीवर असते आणि रस्ते रिकामे. नवशिक्या चालकाला याहून योग्य दिवस नाही, हे प्रभाकररावांनी आधीच हेरले होते. स्टेशनाबाहेर प्रसन्न बॅगा घेऊन उभा होता. चालकाच्या जागी प्रभाकरराव दिसताच त्याची भुवई वर गेली.

"अरे वा, सायंटिस्ट भाऊजी! तुम्ही?"

या वेळी त्या शब्दाच्या उच्चारात काही गडबड सापडली नाही.

"तू पुढं बस, प्रसन्न," विभाताई म्हणाल्या. "मी मागंच बसते. पाय पसरून."

घरापर्यंतचा सगळा रस्ता प्रभाकरराव एक अक्षर बोलले नाहीत. आकाशात पतंग कापले जात होते, गच्च्यांवरून "वो काटा!" चा गलका उठत होता, समोर एक सांड रस्त्याच्या मधोमध चिंतन करत बसला होता. क्लच, गिअर, आरसा, सांड या साऱ्यांत तोंडासाठी काही उरतच नव्हते. थांबण्याच्या अंतराविषयी त्यांना आता पूर्वीपेक्षा पुष्कळच माहिती होती, पण ती पायात होती.

"भाऊजी आज काहीच बोलत नाहीत?" प्रसन्नने मागे वळून विचारले.

"चालवू दे त्यांना," विभाताई डोळे मिटून म्हणाल्या. "लग्नानंतरचा इतका शांत प्रवास पहिलाच माझा. हे आधी माहीत असतं ना, तर मीच शिकवली असती गाडी."

इमारतीमागच्या मैदानात अजूनही कोणी गाडी लावत नव्हते. हवनाची राख, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या आणि त्यांच्या मधून पांढुरका, पुसट, पण भूमितीच्या दृष्टीने अजूनही निर्दोष असा आठ. त्यावरून सरळ गेले असते तर गाडी थेट मागच्या दारासमोर लागली असती. प्रभाकररावांच्या हातांनी मात्र चक्र वळवले. गाडीने आठाला बाहेरून, रेघेला न शिवता, पूर्ण वळसा घातला आणि ती अलगद कडुनिंबाखाली शिरू लागली.

वर गच्चीत, हातात मांज्याची चरखी धरून, माथुरजी हे सगळे पाहत होते.

"अब तो मानते हो ना, साब!" त्यांनी वरून आरोळी दिली.

"कशाला मानता, भाऊजी?" प्रसन्नने विचारले. "आणि एवढा वळसा काहून घेतला? समोर तर मोकळंच होतं."

याचे उत्तर प्रभाकररावांकडे तयार होते. ते संपूर्ण होते, शास्त्रीय होते, आणि त्यात सवय, लिंबू व मागच्या चाकाचा मार्ग या तिन्हींचा यथायोग्य परामर्श होता. ते देण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. तेवढ्यात आरशात, मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर, मैदानाच्या कडेला बुंध्याआड लावलेली माथुरजींची स्कूटर दिसली.

त्यांनी तोंड मिटले आणि गाडी सावकाश मागे घेतली.